एकवीस गाठींची दोरी

कुठंही गेला तरी तो आधी बसायचा नाही. लग्नाची पंगत असो, पानं मांडलेली असोत, यजमानानं हाताला धरून पाटावर ओढलेलं असो, हा उभाच. वर बघणार, खाली बघणार, दार कुठल्या अंगाला आहे, वारा कुठून येतो, पाणी सांडलं तर कुठं वाहील. मग सगळी पंगत सोडून कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन बसणार आणि म्हणणार, "हितं बरं हाय." यजमान खट्टू व्हायचा. आमच्या साचेखात्यात, म्हणजे गिरणीत जिथं कापड विणतात तिथं, त्याला सगळे जागेवाला म्हणायचे. खरं नाव हजेरीबुकात होतं. ते मी लिहीत नाही. माझंही लिहीत नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. चाळीतली शिकलेली मंडळी म्हणतात, आजोबा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. नको. दुसरा लिहायला बसला की गुळगुळीत करतो. हे माझं मी लिहिणार. चुकलं तर चुकलं.

त्याचे आणि माझे साचे, म्हणजे विणायचे माग, शेजारी-शेजारी. साचे चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून साचेवाले ओठ बघून बोलतात. नवा माणूस सहा महिन्यांत शिकतो. आम्ही दोघं तर बारा वर्षं एकमेकांचे ओठ वाचत होतो. तो घाटावरचा, साताऱ्याकडच्या डोंगरातला. मी मालवणच्या अंगचा, दर्याच्या काठी जन्मलेला. त्यानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो गिरणीत लागल्यावर, मिशी फुटल्यानंतर. आणि हा माणूस मला भरती-ओहोटी शिकवायचा! माझं डोकं तिथंच फिरायचं.

आमच्या खात्याचं दरसाल एक शिबिर निघायचं, पौष-माघात, थंडी असताना. चाळीसेक गडी, तीन राहुट्या, दोन दिवस. आठवड्याची सुट्टी आणि तिला जोडून एक खाडा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्या एका खाड्याकडं डोळेझाक करायचा, कारण मटणाला तोही असायचा. कबड्डी, भजन, अंघोळ आणि झोप. एका खोलीत पाळीपाळीनं निजणाऱ्या माणसाला पाय ताणून झोपायला मिळणं म्हणजे काय, ते आता सांगून कळायचं नाही. कधी पवईच्या तळ्याकडं जायचो, कधी समुद्रावर. जागा निवडायचं काम जागेवाल्याचं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यानं घेतलं होतं.

महिना-दीड महिना आधीपासून त्याचं सुरू व्हायचं. बरोबर एक तांब्या आणि काथ्याची दोरी. दोरीला एकवीस गाठी, टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत एक हात आणि पुढं दोन गाठींत एकेक हात अंतर. हात म्हणजे त्याचा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. विहिरीत सोडायलाही तीच दोरी आणि मोजायलाही तीच. आधी विहिरीचं पाणी काढायचा, एक चूळ भरून थुंकायचा, उरलेलं पिऊन टाकायचा आणि दुपारपर्यंत तिथंच बसून राहायचा. पोट काही बोललं नाही तर पाणी पास. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई शोधून तिला दोन प्रश्न. "हितली कुत्री कुठं निजत्यात?" आणि "शेवटचं माणूस कुठं बुडालं?" दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक बाया त्याला हाकलायच्या. त्यानं तो काही सोडला नाही. मग भर उन्हात जमिनीवर उताणा पडायचा, मुंग्या किती चावतात ते बघायला.

समुद्रावर गेलो तर आणखी एक. भरतीचं पाणी मागं फिरताना काठाला कचऱ्याची ओळ सोडून जातं. सुकलेलं शेवाळ, करवंट्या, जाळं तरंगतं ठेवणारी भेंडं. त्यातली सगळ्यांत वरची ओळ तो शोधायचा आणि तिथून दोरी टाकून एकवीस हात मोजायचा. पहिली मेख त्याच्या पलीकडं.

"एकवीसच का रे?" मी एकदा विचारलं.

"अकरा दर्याचं, धा आपलं."

"त्याला एक जास्त?"

"थोरला हाय त्यो."

लालबागच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका कोळणीनं त्याला तिथीचा हिशोब शिकवला होता. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला हिशोबानं सव्वाअकरा, पण पाणी फिरायला बारा-साडेबारा होतात. अष्टमीला पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला सगळ्यांत जास्त चढतं, ते उधाण. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. पण हा ते मंत्रासारखं म्हणायचा. साचा चालू असताना माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवायचा, "आज नवमी, पावणेसात." मीही ओठांनी सांगायचो, "माका दर्यो शिकवतस?" तो हसायचा. आणि एक वाक्य त्याचं ठरलेलं. "अष्टमीची जागा येगळी, पुनवेची येगळी. भांगाला कोरडी ती उधाणाला वल्ली."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्याचं नेहमीच बरोबर यायचं असं काही नाही. एका साली पवईच्या काठाला छान हिरवळीची जागा होती, झाडं होती. आम्ही सामान टेकवलं. हा म्हणाला, "हितं नगं, हितं कुत्रं बसंना." चाळीस माणसांना टोप, तांदळाची पोती आणि राहुट्या घेऊन उन्हात दीड मैल चालवलं आणि दगडांत नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या हिरवळीवर दुसऱ्या गिरणीचे लोक मजेत भजी तळताहेत. काहीसुद्धा झालं नाही त्यांना. उलट आम्हाला हाका मारून विचारताहेत, "काय वो, दगड मऊ हायत का?" परत येताना सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "झालं न्हाय ते बरंच झालं की." अशा माणसावर चिडावं तरी कसं?

त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. आमच्याच चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, रस्त्याच्या अंगाला त्यांची खोली. राहुट्या त्यांनीच शिवलेल्या. गिरणीत डाग पडून बाद झालेलं जाडंभरडं कापड होतं, ते सुईनं हातात घट्टे पडेपर्यंत शिवलं. तीन राहुट्या म्हणजे खेळ नव्हे. पण शिबिराला बायका नसायच्या. वहिनींनी चौपाटीपलीकडं समुद्र बघितला नव्हता.

एका गणपतीत आम्ही गॅलरीत बसलो असताना त्या त्याला म्हणाल्या, "इतकी वर्सं लोकास्नी जागा दावता. मला कवा दावणार?"

"तुला काय करायचंय?"

"बघायचीय. समुद्र चौपाटीवानीच असतो ना?"

"चौपाटीला समुद्र म्हणत्यात व्हय?" तो म्हणाला. पण त्या साली खात्यात त्यानं विषय काढला की यंदा बायकापोरं न्यायची. पहिल्यांदाच. सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो. पौषातली शुद्ध अष्टमी धरून दिवस ठरला.

त्या साली जागा शोधायला त्यानं कुणालाच बरोबर नेलं नाही. तीन-चारदा एकटाच गेला. एकदा तर दत्तजयंतीला. चाळीत दत्ताचं भजन, टाळ वाजवायला हाच लागायचा, आणि हा गायब. संध्याकाळी आला तो तोंड उन्हानं करपलेलं, पायजम्याला गुडघ्यापर्यंत मिठाचे पांढरे डाग. मी म्हटलं, "काय रे मेल्या, देव सोडून कुठं उलथलास?" तो तसाच पाय धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी जॉबरनं खाड्याचं विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलं होतं. जॉबर खोट्या खाड्याला माफ करणारा नव्हता. महिन्यापूर्वीच एकाला त्यावरून कायम कामावरून काढून बदली कामगारांत टाकलं होतं. मी त्याचं बिंग फोडलं नाही. तेवढी दोस्ती होती.

संक्रांत झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत. लालबाग, परळ पेटलं. गिरण्या ओस पडल्या. ते दिवस मी सांगत बसत नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. मी रस्त्यावर होतो एवढं पुरे. माझ्या डोक्यावर इथं व्रण आहे, तो तेव्हाचा.

त्या पहिल्या दिवशी दुपारी खात्यातले आम्ही पंचवीस-तीस जण चाळीच्या चौकात जमलो. शिबिराचं काय करायचं ते ठरवायला. जॉबर खुर्चीवर, आम्ही जमिनीवर. जागेवाला उभा.

"लगीच निघू," तो म्हणाला. "अष्टमीची वाट बघू नगा. बायकापोरं घेऊन उद्याच निघू. जागा तयार हाय. मालाडला उतरायचं, खाडीवर तरीची होडी मिळती. पल्याड गेलं की क्रूस लागतो, तितनं डाव्या अंगाला. गोड्या पाण्याची हीर हाय, दोन उंडीची झाडं हाईत. चार कोपऱ्याला म्या चार काळं दगड पुरून ठिवल्यात. धा दिस ऱ्हाता यील. गड्यांनी मागारी यावं, काय चळवळ करायची ती करावी. बायकापोरं तितं ऱ्हाऊ द्या."

त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी उठलो.

"लालबाग सोडून वाळूत राहुट्या ठोकायच्या? उद्या पोरं विचारतील, बाबा, मुंबईसाठी लोक लढत होते तेव्हा आपण कुठं होतो? काय सांगणार? शिंपल्या वेचत होतो?"

लोक हसले. पण एक म्हातारा साचेवाला म्हणाला, "अरे, बायकापोरांचं तो म्हणतोय, ते काही खोटं नाही." दोघा-तिघांनी माना हलवल्या. सभा त्याच्याकडं झुकतेय हे मला दिसलं. आणि मला ते सोसलं नाही. चळवळीचं म्हणून सोसलं नाही, की घाटावरचा माणूस समुद्राच्या नावानं माझ्यावर मात करतोय म्हणून, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"मला एक सांग," मी म्हटलं, "जागा कुठल्या तिथीची?"

"अष्टमीची धरली हुती."

"आणि दहा दिवस राहायचं म्हणतोस. त्यात काय येतं?"

"पुनव."

"पुनवेला काय असतं?"

"उधाण."

"अष्टमीची जागा पुनवेला चालते का रे? तूच सांग. तुझंच शास्त्र."

चौकात हशा पिकला. सगळ्यांना त्याचं ते वाक्य पाठ होतं.

"पुनवेचं बी बगितलंय म्या," तो म्हणाला.

"कधी?"

त्यानं जॉबरकडं बघितलं. मग खाली बघितलं. "बगितलंय म्हणतोय ना."

"कधी ते सांग की!"

त्याची नजर पुन्हा जॉबरकडं गेली आणि खाली वळली.

"बघा," मी सगळ्यांना म्हटलं. "मी दर्याकाठचा माणूस आहे. बायकापोरांच्या अंथरुणाखाली पाणी शिरलं तर याच्या चार दगडांना धरून बसायचं काय?"

हात वर करून मतं घेतली. त्याच्या बाजूला चार हात. शिबिर रद्द झालं.

संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या. "भावजी, तुमी नगं म्हणालात म्हणं."

"दिवस बरे नाहीत वहिनी. पुढच्या वर्षी नक्की."

"बरं. फुडच्या वर्षी." रागानं नाही बोलल्या. "रावट्यांवर काजळी बसलीया. धुवून ठिवते म्हंजी झालं."

पुढचे दिवस गोळीबाराचे आणि कर्फ्यूचे. जागेवाल्यानं खोलीतही जागा निवडली. वहिनींना मोरीजवळ बसवलं, तिथं भिंत जाड होती आणि खिडकीतून गोळीची रेघ पोचत नव्हती. दोन दिवस त्या तिथं बसून होत्या. मोरीजवळच स्वयंपाक, मोरीजवळच झोप. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा शांत झालं. लोक गॅलरीत यायला लागले. आम्ही खाली चाळीच्या तोंडाशी घोषणा देत होतो. धुतलेली राहुटी तीन दिवस गॅलरीच्या कठड्यावर पडून होती, पुन्हा काळी व्हायला लागली होती. ती काढायला वहिनी बाहेर आल्या.

मी गोळी ऐकली नाही. आवाज इतके होते की कुठला कशाचा कळत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की वरून ती राहुटी सुटली आणि फुगत-फुगत आमच्यावर येऊन पडली. तीन-चार जण तिच्याखाली सापडले. आम्ही हसलो. खरं सांगतो, हसलो. एक जण ओरडला, "वहिनी, धुणं सांभाळा!" मग वर कुणीतरी बाई किंचाळली.

हॉस्पिटलात न्यायची वेळ आली नाही.

खाली गर्दी झाली. कुणी रडतंय, कुणी घोषणा देतंय, कुणी दगड उचलून धावतंय. जागेवाला जिना उतरून आला. त्यानं ती राहुटी लोकांच्या पायाखालून ओढून काढली, झटकली आणि घडी घालायला लागला. शिबिर संपल्यावर घालायचा तशीच. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. मधोमध एक भोक होतं, रुपयाएवढंसुद्धा नसेल. भोक वर येईल अशी घडी त्यानं मोडली, पुन्हा घातली. मी पुढं झालो. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या गदारोळात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि त्यानं आवाज काढलाही नाही. नुसते ओठ हलले. साच्यावर बोलायचो तसे.

"पुनवेचं बी. एकवीस हात."

दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. मला कळलं.

चळवळ बरोबर होती. हे मी आजही मागं घेणार नाही, कुणीही येऊन विचारावं. पुढं काही वर्षांनी मुंबईसकट महाराष्ट्र झाला, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, मी स्वतःच्या हातानं पेढे वाटले. त्याच्या दारातही गेलो. त्यानं पेढा घेतला, खाल्ला, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "चांगलं झालं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, बरं वाटलं असतं.

माफी मी मागितली नाही. काय म्हणून मागणार? गोळी मी मारली नव्हती. वीस-पंचवीस जणांनी हात वर केले होते, माझा एकच होता. असं मी त्या वेळी म्हणायचो. बायको म्हणायची, "जा, पाय धर त्याचे." मी म्हणायचो, "तू गप रव."

वहिनींचे दिवस झाल्यावर तो कामावर आला. साचा शेजारचाच. महिनोन्महिने ओठ हलले नाहीत. मी समोर बघून काम करायचो, तो समोर बघून करायचा. पुढचा मार्गशीर्ष आला तेव्हा एका सुट्टीच्या सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात तांब्या, खांद्यावर दोरी.

"जागा बघाया जायाचं," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

मी चपला घातल्या. एका गावच्या विहिरीवर गेलो. त्यानं पाणी काढलं, आणि नेहमी स्वतः प्यायचा तो तांब्या माझ्या पुढं केला.

"तू पी."

मी प्यायलो. एक चूळ भरून थुंकलोसुद्धा नाही, सगळं प्यायलो. तो समोर बसून राहिला, दुपार होईपर्यंत. माझ्या तोंडाकडं बघत.

"पोटात काय बोलतंय?"

"काही नाही."

"बरं."

त्या सालापासून दरसाल असंच. नऊ वर्षं. कुठल्या-कुठल्या विहिरींचं पाणी मी प्यायलो, एका साली आठ दिवस जुलाबानं आडवा पडलो, तरी पुढच्या साली तांब्या पुढं आला आणि मी तोंडाला लावला. जमिनीवर उताणंही मलाच पडायला लावायचा. मुंग्या मलाच. खात्यातले लोक हसायचे, "जागेवाल्याला चेला मिळाला." मी कुणाला काही सांगितलं नाही, त्यानंही नाही.

आणि ती राहुटी. तिला त्यानं स्वतः ठिगळ लावलं. त्याला शिवता येत नव्हतं. वहिनींचे टाके मुंगीच्या रांगेसारखे, त्यात हे एक वेडंवाकडं ठिगळ, जाड दोऱ्यानं ओढून घेतलेलं. शिबिरात कोण कुठं निजणार ते तोच ठरवायचा. मला नेहमी त्या राहुटीत, ठिगळाच्या बरोबर खाली. सकाळी उजाडलं की आधी सगळं कापड पांढरं दिसायचं आणि मधे तेवढा एक काळा चौकोन. मी जागा बदल म्हटलं नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

त्या पहिल्या ठरलेल्या जागेवर मात्र आम्ही कधी गेलो नाही. एकदा परत येताना तरीत बसल्यावर मी धीर करून विषय काढला. "ती जागा, उंडीच्या झाडांची, ती एकदा बघूया का?"

तो पाण्याकडं बघत होता. "ती लागलेली हाय," म्हणाला. "रिकामी न्हाय."

पुढं त्याला दम लागायला लागला. कापसाचं तूस छातीत बसतं, साचेखात्यात ते कुणाला चुकत नाही. नोकरी सोडून गावाला गेला. दोन पावसाळे काढले. मग पुतण्याचं पत्र आलं, आणि पुढं त्याच गावचा एक माणूस कापडात बांधलेली एक वस्तू घेऊन आला. दोरी. एकवीस गाठींची. "काकांनी तुम्हास्नीच द्या म्हणून सांगितलं हुतं," तो म्हणाला. आणखी काही? काही नाही.

दोरी वर्षभर खुंटीला होती. बायको म्हणायची, काढा ती, बघवत नाही. मग पौषातल्या एका पुनवेला मी ती खांद्यावर टाकली आणि मालाडला उतरलो.

का गेलो, ते सरळ लिहितो. ती जागा वाईट निघावी म्हणून गेलो. पाणी त्या दगडांवरून जावं, म्हणजे मी सभेत बोललो ते खरं ठरेल. वहिनी तिकडं गेल्या असत्या तर भिजल्या असत्या, बुडाल्या असत्या, काहीतरी झालं असतं. एवढंच मला बघायचं होतं. म्हणून अष्टमीला गेलो नाही. मुद्दाम पुनवेला गेलो, उधाणाला.

तरीची होडी मिळाली. क्रूस लागला. डाव्या अंगाला वळलो. विहीर होती. उंडीचं एक झाड पडलं होतं, एक उभं होतं. दगड शोधायला वेळ लागला नाही. चार काळे दगड, अर्धे वाळूत. शेजारी मासळी सुकवणारी एक म्हातारी होती. माझ्या खांद्यावरची दोरी बघून ती थांबली.

"ही त्याची दोरी नाय?" ती म्हणाली. "त्या दोरीवाल्याची?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"पुनवेला आला व्हता. दत्तजयंती व्हती तुमची. सकाळपासून त्या दगडाजवळ उन्हात बसला, भरती पुरी चढून उतरेपर्यंत उठला नाय. मी म्हटलं, बाबा, सावलीत बस. तर म्हणतो, बायकामाणसं येणार हायत, बघून घेतो." ती हसली. "मला इचारतो, शेवटचं माणूस कुठं बुडालं. मी म्हटलं, हितं कोण नाय बुडालं. मग लय खूश झाला. कुठं हाय तो? आलीच नाय त्याची बायकामाणसं."

मी म्हटलं, "नाही आली."

करपलेलं तोंड, पायजम्यावरचं मीठ, जॉबरला सांगितलेलं पोटाचं कारण, सभेत खाली गेलेली मान. मी विचारलं होतं, कधी? जॉबर समोर बसलेला असताना तो कसं सांगणार?

तरी मी उठलो नाही. म्हटलं, त्यानं बघितलं असेल, पण बरोबर बघितलं कशावरून? वर्षं गेली, समुद्र पुढं सरकतो. दगडाजवळ बसलो. अकरा वाजले. पाणी चढत होतं, एकेक लाट आधीच्या लाटेच्या पुढं. मी मनात म्हणत होतो, ये. आणखी ये. दर्याकाठी जन्मलेला माणूस मी, दर्याला आयुष्यात एकदाच काही मागत होतो. साडेबारा झाले. एक लाट आली, वाळूवर पसरली, जाळ्याचं एक भेंड तिथंच ठेवून मागं गेली. तिच्यानंतरची तिच्यापर्यंत पोचली नाही. तिच्यानंतरचीही नाही. पाणी फिरलं.

मी दोरीचं टोक दगडाला धरून म्हातारीच्या हातात दिलं आणि भेंडाकडं चालत गेलो. दोरी ताणली. शेवटची, एकविसावी गाठ भेंडाशेजारी ओल्या वाळूवर टेकली.

म्हातारीनं लांबून विचारलं, "किती भरलं?"

मी तिच्याकडं बघून नुसते ओठ हलवले.